खांबाच्या डाव्या बाजूला

सोमवार, ६ जानेवारी

केंद्रातल्या बाईंनी आज एक नवी वही दिली. धाकट्यानं रोज काय केलं ते तिच्यात नोंदवायचं. रकाने आखलेले आहेत. आपलं आपण केलं तर बरोबरची खूण, नाही केलं तर फुली. दर शुक्रवारी बाई ती पाहणार. ती वही त्यांची आणि ही माझी. दुकान बंद केलं तेव्हा ही कोरी राहिली होती. माझ्या डोक्यात जे फिरत असतं ते त्या रकान्यांत मावायचं नाही, म्हणून इथे लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. अक्षर वाईट आहे, पण वाचणार तरी कोण?

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याला पंचावन्न पुरी झाली, मला एकाहत्तर. आई गेल्यावर माझ्या बायकोनं त्याला सांभाळलं, आणि ती गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी. पूर्वी गल्लीतले लोक त्याला वेडा म्हणायचे आणि डॉक्टर मतिमंद म्हणायचे. बाई म्हणतात, हे दोन्ही शब्द घराबाहेर ठेवा. बौद्धिक अक्षमता म्हणायचं, आणि त्यात थोडी स्वमग्नताही आहे. काहीही म्हटलं तरी माणूस तोच. बोलतो कमी, दाखवलं ते तंतोतंत तसंच करतो, आणि दारातल्या चपला एका रेषेत नसल्या तर जेवायला बसत नाही.

बाई दोन वर्षं आमच्याकडे येतात. त्याला कुठे नेऊन ठेवायचं नाही, आहे तिथेच राहून जे जमेल ते शिकवायचं, अशी त्यांच्या केंद्राची पद्धत. दोन वर्षांत तो चहा करायला शिकला, कुलूप लावायला शिकला. आणि आता नोकरी! हॉस्पिटलच्या लाँड्रीत उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायच्या. दोन दिवस करून पाहिलं, तर तिथल्या मुकादमबाई म्हणाल्या, "कोपऱ्याला कोपरा जुळवायला माझ्या बायकांना दोनदा झटकावं लागतं. याला एकदाच. मला हा माणूस हवाय."

पण अट आहे. बसनं एकट्यानं यायचं. रोज आणायला-सोडायला माणूस नाही. बाईंकडे याच्यासारखे आणखी अकरा जण आहेत, आणि मी आज आहे, उद्या नाही. चौदा फेब्रुवारीपर्यंत त्याला जमलं तर जागा त्याची. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. तोवर सरावासाठी रोज सकाळी दोन तास त्याला तिथे काम करू देणार आहेत.

बाई एवढं करतायत, मुकादमबाई एवढं म्हणतायत. मी हात जोडावेत एवढंच खरं. पण चौदा नंबरची बस भरधाव येते. आणि त्याला "थांबा हो" असं ओरडता येत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

आज फोटो काढले. शब्दांपेक्षा चित्र त्याला लवकर कळतं, म्हणून बाई वहीतल्या आठ रकान्यांप्रमाणे वाटेवरच्या आठ जागांचे फोटो काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून, कड्यात ओवून देणार. तो जुडगा त्याच्या पट्ट्याला लटकणार. एकेक फोटो पाहायचा, तसं करायचं, की पुढचा.

दाराला कुलूप. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. स्टॉपचा खांब. चौदा नंबरची बस. खिडकीजवळची सीट. पाण्याची टाकी, ती दिसली की उठायचं. उतरायचा स्टॉप. लाँड्रीचं फाटक.

मी इस्त्रीचा कोट घातला होता. बाई म्हणाल्या, "काका, जरा बाजूला होता का?" मी म्हटलं, "असू द्या हो, मला पाहून त्याला धीर येईल." त्यांना पुढे दुसऱ्या एका मुलाच्या आईकडे जायचं होतं, त्यांनी वाद घातला नाही. मी कुलपाशी किल्ली घेऊन उभा, खांबापाशी सरळ उभा, फाटकाशी जरा टेकून उभा. टाकीच्या फोटोतसुद्धा खिडकीच्या कडेला माझं अर्धं नाक आलंय. फोटो फार छान आले. एवढे फोटो तर माझ्या लग्नातही निघाले नव्हते.

सोमवार, १३ जानेवारी

बाईंची रीत अशी. पहिला आठवडा मी त्याच्या शेजारी. दुसरा आठवडा रस्त्यात दोन पावलं मागे, बसमध्ये एक सीट मागे. तिसऱ्या आठवड्यात मी स्टॉपच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, आणि तो एकटा बसमध्ये चढणार. मग मी घरी. याला त्या 'मागे सरणं' म्हणतात. "काका, यात शिकायचं त्याला कमी आणि तुम्हाला जास्त आहे," असंही म्हणाल्या. थट्टेनं म्हणाल्या असाव्यात.

पहिला आठवडा छान गेला. मी शेजारी होतो. पाच दिवस, आठ रकाने, चाळीसच्या चाळीस बरोबरच्या खुणा. अशी पानं पाहिली की छाती भरून येते.

आजपासून मागे सरायचंय.

बुधवार, १५ जानेवारी

तो घाबरतो. औषधाच्या दुकानापाशी थांबला, मागे वळला, माझी बाही धरून मला दुकानाच्या पायरीवर नेलं आणि मगच पुढे निघाला. स्टॉपवर तेच. बसमध्ये मी मागच्या सीटवर बसलो तर उठून उभा राहिला, ड्रायव्हर आरशातून ओरडला, "ओ, बसा खाली!" मी पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा कुठे शांत झाला.

वहीत काय खूण करायची? बसमध्ये चढला तर आपला आपण. मी बरोबरची खूण केली.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात गाठलं. त्या माझ्या बायकोच्या मैत्रीण, नर्स होत्या, आता घरी असतात, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "भाऊजी, बसचं शिक्षण चाललंय म्हणे. कोणाचं, त्याचं की तुमचं?"

सोमवार, २० जानेवारी

आज मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. दुकानापर्यंत मागे होतो, मग रस्ता ओलांडला. तो खांबाशी पोचला. हातात फोटो. फोटोकडे पाही, खांबाकडे पाही, मग माझ्याकडे. बस आली, दार उघडलं. तो हलला नाही. दार बंद झालं, बस गेली.

खोटं कशाला लिहू? ती बस त्याला न घेता गेली तेव्हा मला बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. त्याला माझी गरज आहे असं काहीतरी मनात आलं. लगेच स्वतःची लाज वाटली.

मी रस्ता ओलांडून खांबाशी गेलो. त्यानं माझा खांदा धरून मला एक पाऊल डावीकडे सरकवलं. पुढची बस आली, तो टुणकन चढला. मीही चढलो. फाटकाशी पोचल्यावर त्यानं मला फाटकाला टेकून उभं केलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि आत गेला. निरोप घ्यायची ही त्याची नवी तऱ्हा. मायेचा आहे हो. बाई आत घड्यांच्या टेबलाशी होत्या, त्यांनी मला पाहायच्या आत मी सटकलो.

वहीत बरोबरच्या खुणा केल्या. सगळ्या आठ.

फुली केली असती तर बाईंचं तोंड उतरलं असतं. आणि मुकादमबाईंपर्यंत गेलं असतं तर जागा गेली असती. दोन-चार दिवसांत तो रुळेल. मग खुणा आपोआप खऱ्या होतील.

शुक्रवार, २४ जानेवारी

बाईंनी वही पाहिली. "काका! कमाल आहे तुमच्या भावाची. आणि तुमचीही." माझ्या हातात हात घेऊन म्हणाल्या. वर्षानुवर्षं कोणी माझा हात असा धरला नव्हता. मला तोंड वर करवेना.

रोज तेच चाललंय. तो थांबतो, मी पलीकडून येतो, तो मला उभं करतो, मग पुढे. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे काटे खरे केले आणि आता हे. बाईंना सांगायला हवं. सोमवारी सांगतो.

सोमवार, २७ जानेवारी

सांगितलं नाही.

बुधवार, २९ जानेवारी



खुणा पाहून बाईंनी ठरवलं की आता पुढची पायरी. मी त्याला औषधाच्या दुकानापर्यंत सोडायचं आणि मागे वळून न पाहता घरी जायचं. बाई लाँड्रीच्या फाटकाशी थांबणार. मी "हो" म्हटलं. माझ्या तोंडून "नाही" कसं निघालं असतं? वहीत तर सगळं बरोबर होतं.

आठ वाजता त्याला दुकानापाशी सोडलं. घरी आलो. चहा टाकला, प्यायला विसरलो. नऊला फोन. "काका, भाऊ निघालेत ना?" मी म्हटलं, "कधीच!" सव्वानऊला पुन्हा फोन. या खेपेला त्यांचा आवाज वेगळा होता. मी चपला न घालताच धावलो. वहिनी जिन्यातून ओरडल्या, "काय झालं?" पण थांबायला कोणाला वेळ होता!

तो स्टॉपवरच होता. दोन्ही पाय जोडून खांबाशेजारी उभा. सव्वा तास. या थंडीत. ओठ निळे झाले होते. तिथला पेपरवाला म्हणाला, "चार बस गेल्या, आजोबा. मी म्हटलं, चढा की. हा म्हणतो, अजून नाही."

मला पाहून तो रडला नाही, रागावलाही नाही. "दादा," एवढंच म्हणाला, काम सुरू व्हायची वाट पाहणारा माणूस म्हणेल तसं. मग माझे दोन्ही खांदे धरले. मला खांबाच्या डाव्या बाजूला उभं केलं. दोन पावलं मागे गेला, हातातल्या फोटोकडे पाहिलं, परत आला, मला वीतभर पुढे घेतलं, माझी मान सरळ केली. आणि मग रस्त्याकडे वळून बससाठी हात पुढे केला.

हा माझ्यावाचून एक पाऊल टाकू शकत नाही. माझ्यामागे याचं काय होणार?

त्याला घरी आणलं. पांघरुणात गुंडाळून बसवलं. वहिनी गरम पाण्याची पिशवी घेऊन खाली आल्या, त्याचे तळपाय चोळले. आज त्यांनी एकही टोमणा मारला नाही. तेच मला जास्त लागलं.

गुरुवार, ३० जानेवारी

बाई सकाळी आल्या. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगून टाकलं. पंधरा तारखेपासूनच्या खुणा खोट्या आहेत. म्हटलं, काय बोलायचं ते बोला.

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही फुली केली तर मी तुम्हाला नापास करणार होते का? ती फुली माझ्यासाठी असते. कुठे अडतंय ते मला कळावं म्हणून. तुम्ही खोटी खूण केलीत आणि मी तुमच्या भरवशावर त्याला उघड्यावर पाठवलं."

"चुकलो," मी म्हटलं.

"चुकलात," त्या म्हणाल्या. "लाँड्रीत मी फक्त एक दिवस बुडाला असं सांगितलंय. मुकादमबाई तारीख पुढे ढकलणार नाहीत."

म्हणजे पंधरा दिवस. माझा धीर सुटला. मी म्हटलं, "राहू द्या बाई. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळू दे. त्याला माझ्याशिवाय जमत नाही. काल तर मला धरून खांबाशी उभं केलं त्यानं."

"उभं केलं म्हणजे?"

मी सांगितलं. दुकानाची पायरी, बसमधली शेजारची सीट, फाटक. त्यांनी मला उठवलं. "कसं उभं केलं ते दाखवा." मी दाराच्या चौकटीला खांब समजून उभा राहिलो. डाव्या बाजूला. वीतभर पुढे. मान सरळ.

बाईंनी धाकट्याच्या पट्ट्याचा जुडगा सोडवून घेतला. आठही फोटो टेबलावर ओळीनं मांडले. एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि कपाळावर हात मारला.

"काका, या फोटोंत काय आहे?"

"कुलूप, दुकान, खांब..."

"आणि?"

मग दिसलं. आठच्या आठ फोटोंत मी. कोट घालून.

"त्याला आपण सांगितलं, फोटोत आहे तसं झालं की पुढे जायचं," बाई म्हणाल्या. "फोटोत खांब आहे आणि खांबाच्या डाव्या बाजूला दादा आहे. खांब मिळाला. दादा नव्हता. म्हणून तो थांबला. सव्वा तास थांबला, काका! एवढ्या चिकाटीनं कोण काम करतं? तुम्ही-आम्ही करू?"

मी त्याला घाबरट समजत होतो. आणि तो रोज माझी जागा बरोबर करत होता, जसा मी काट्याचं पारडं बरोबर करायचो.

"मी बाजूला व्हा म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "पण छापून तर मीच आणले ना. अर्धी चूक माझी."

मला अर्धी चूक कोणी वाटून घेतलेली आजवर आठवत नाही. दुकानात तर चूक झाली की पूर्ण माझीच असायची.

शनिवार, १ फेब्रुवारी

बाईंची आज सुट्टी असते. तरी आल्या. पुन्हा आठही जागा. मी त्यांच्या पाठीमागे उभा. स्टॉपच्या फोटोत माझी सावली आली, तो पुसून पुन्हा काढला. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही फोटोतून निघता निघत नाही."

संध्याकाळी छापून आणून दिले. मी टेबलावर मांडून पाहत बसलो. आमचं दार आहे, कुलूप आहे. दुकानाची पायरी. खांब. सीट, आणि शेजारची सीट रिकामी. टाकी पूर्ण दिसते, माझं नाक मध्ये नाही. सगळं जिथल्या तिथे आहे. मी नाही.

मी गेल्यावर हा रस्ता असाच दिसणार. या विचारानं मला आजवर दरदरून घाम फुटायचा. आज पाहिलं तर रस्ता चांगला दिसतो. मोकळा आहे. त्यावरून एक माणूस कामाला जाऊ शकतो.

थोडं वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू?

धाकट्यानं नवा जुडगा घेतला, एकेक फोटो नाकाजवळ धरून पाहिला. जुना जुडगा त्यानं माझ्या हातात दिला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहिताना हसू येतं आणि डोळेही पुसावे लागतात.

ठरलं होतं की मी दोन पावलं मागे राहायचं, पहिल्यापासून पुन्हा. बाई फाटकाशी थांबणार. मी कोट घातला, चपला घातल्या. धाकटा दारात उभा, हातात पहिला फोटो. मी उंबऱ्यापाशी गेलो तर त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला.

"दादा नाही."

"अरे, मी मागून येतो."

"दादा नाही," त्यानं फोटो माझ्या डोळ्यांपुढे धरला. दार, कुलूप. खरंच दादा नव्हता. त्यानं मला हाताला धरून आत खुर्चीवर बसवलं. बाहेर गेला, दार ओढलं, आणि कुलूप लागल्याचा खटका ऐकू आला.

मी आत! मी दार वाजवलं, हाका मारल्या. त्याची पावलं शांतपणे लांब गेली. खिडकीतून पाहिलं तर तो औषधाच्या दुकानापाशी थांबला, फोटो पाहिला, उलटला, पुढे. मग कोपऱ्याआड गेला.

मी बाईंना फोन केला. "बाई, तो एकटाच निघालाय, आणि मी कोंडला गेलोय!"

"कुठे कोंडला गेलात?"

"घरात! कुलूप लावून गेला तो!"

मग बाई म्हणाल्या, "काका, आता आपल्याला दोघांनाही थांबण्यावाचून काही करता येत नाही. बसा."

माझ्या आवाजानं वहिनी खाली आल्या होत्या. खिडकीच्या गजांतून मला म्हणाल्या, "काय भाऊजी? शेवटी केलंच ना त्यानं तुम्हाला आत? मी असते तर वीस वर्षांपूर्वीच केलं असतं."

"वहिनी, थट्टा नको. तुमच्याकडची किल्ली आणा."

"आणते. पण उघडलं तर तुम्ही त्याच्या मागे धावाल."

"नाही धावणार."

"शपथ?"

मी गप्प राहिलो. त्याही किल्ली आणायला गेल्या नाहीत. बाहेर पायरीवर बसल्या. मी आत खिडकीशी. नर्स असताना त्या अशाच बसायच्या म्हणे, ऑपरेशनच्या दाराबाहेर, नातेवाइकांबरोबर. "बोलायचं नाही, फक्त बसायचं," म्हणाल्या. आणि मग सगळा वेळ बोलत राहिल्या. माझी बायको त्याला शर्टाची बटणं लावायला कशी शिकवायची ते सांगितलं. खालून सुरुवात करायची, म्हणजे वर चुकत नाही. मला हे ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा दुकानात असायचो.

आठ बेचाळीसला फोन वाजला.

"पोचला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "फाटक बघितलं, फोटो बघितला, मला म्हणाला 'झालं' आणि आत गेला. काका? ऐकताय ना?"

मी फोन गजांतून वहिनींच्या हातात दिला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रोज जातो. रोज मला कोंडून जातो. सव्वाआठला वहिनी येऊन कुलूप काढतात आणि विचारतात, "कैदी, चहा?" बाई म्हणतात त्यावरही उपाय काढू, पण तारीख होईपर्यंत काही बदलायला नको. माझी हरकत नाही.

आज मात्र जीव टांगणीला लागला. चौदा नंबरची बस रोजच्यासारखी निळी नव्हती, नवी पांढरी होती. फोटोतली निळी. त्यानं सोडून दिली. पुढची निळी आली, त्यात बसला. वीस मिनिटं उशीर. मला वाटलं, आता मुकादमबाई नाही म्हणणार. बाईंनी विचारलं तर मुकादमबाई म्हणाल्या, "माझ्याकडे पंधरा बायका आहेत. उशीर झाला की पंधरा कारणं सांगतात. यानं एकही सांगितलं नाही, हात धुऊन कामाला लागला."

वहीत फुली केली. बस, चौथा रकाना. फुली करताना हात अजिबात अडखळला नाही. बाईंनी ती पाहिली आणि संध्याकाळी पांढऱ्या बसचा फोटो ओवून दिला. फुलीचं काम असं असतं तर!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जागा त्याची झाली.

मुकादमबाईंनी सगळ्यांसमोर त्याला निळा डगला दिला. तो त्यानं खालच्या बटणापासून लावला. मी तिथे होतो, बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. मी एका कोपऱ्यात उभा. तो माझ्याकडे आला नाही. टेबलाशी गेला आणि अभ्रे घ्यायला लागला. कोपऱ्याला कोपरा, एकदाच झटका, घडी. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "आजोबा, तुमचे भाऊ आमच्याकडे बघतच नाहीत हो!" मी म्हटलं, "कामात असला की तो कोणाकडेच बघत नाही." आणि लक्षात आलं, हे वाक्य लोक माझ्याबद्दल बोलायचे.

परत येताना बाई म्हणाल्या, "आता घरात बसून काय करणार? केंद्रात साबणाच्या पुडीची पाकिटं भरतात. काटा आहे, पण तो सकाळी शंभर दाखवतो आणि दुपारी एकशे दहा." मी म्हटलं, सोमवारी येतो, हत्यारं अजून आहेत. केंद्रात मला जरा मदत करता येईल. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं, तर मी एवढं तरी करायला हवं. बाई हसल्या. का हसल्या ते कळलं नाही.

कोणाकोणाचे आभार मानू? ज्यांचे मानायचे त्यातल्या अर्ध्यांशी मी भांडलोय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज दुपारी तो परतला, दार उघडलं, चपला काढल्या, रेषेत ठेवल्या. मी चहा पुढे केला. रोजच्यासारखा तो गप्प बसेल असं धरून चाललो होतो. त्याचं बोलणं म्हणजे मी विचारायचं आणि त्यानं हो किंवा नाही. विचारायचं तरी काय? पंचावन्न वर्षं जिथे तो तिथे मी, नाहीतर आई किंवा आमची ही. त्याच्या आयुष्यात आम्ही न पाहिलेलं असं काही घडलेलंच नव्हतं.

त्यानं कप खाली ठेवला.

"शिडी पडली," तो म्हणाला.

मला कळेना. "कुठली शिडी?"

"शिडी पडली. धाड. चष्मेवाली हसली."

"कोणाला लागलं का रे?"

तो विचार करायला लागला. मी थांबलो. कोणती शिडी, कुठे ठेवलेली, ही चष्मेवाली कोण, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं.

"नाही लागलं," तो म्हणाला. "सगळे हसले. मीपण."

"मग?"

"मग काय," धाकटा म्हणाला. "मग अभ्रे."